सहा लाखांचे आठ लाख : एका शैक्षणिक कर्जाची फाइल

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं कुटुंब. तीन एकर ऊस, दोन म्हशी, दोन मुली आणि धाकटा मुलगा. मुलाने २०१९ मध्ये सीईटी दिली. सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या कॅप राउंडमधून त्याला पुण्याच्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा मिळाली. वडिलांनी गावाजवळच्या एका सरकारी बँकेच्या शाखेतून ६ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिला हप्ता लागला तेव्हा कर्जाची शिल्लक ८ लाख ८ हजार होती.

शैक्षणिक कर्जाची कागदपत्रं वाचून द्यायचं काम मी करतो. या कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील काढून आणि आकडे गोल करून हे प्रकरण मांडतो आहे. व्याजदर मधल्या काळात खालीवर झाला, पण हिशेब सोपा राहावा म्हणून सरसकट १० टक्के धरला आहे. हेच प्रकरण निवडायचं कारण असं की इथे कुणी उधळपट्टी केली नाही, कुणी नापास झालं नाही, शिक्षण अर्धवट सुटलं नाही. मुलगा चार वर्षांत पास झाला आणि त्याला नोकरीही लागली. तरीही तिसऱ्या हप्त्यालाच खातं थकलं.

आधी खर्चाचं बघू. कॉलेजची फी वर्षाला १ लाख २० हजार. वसतिगृह आणि मेस धरून आणखी ८० हजार. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर इथली मुलं कर्नाटकात कॅपिटेशन फी भरून शिकायला जात होती, ती इथेच शिकू लागली. पण विनाअनुदानित म्हटल्यावर प्राध्यापकांच्या पगारापासून प्रयोगशाळेतल्या यंत्रापर्यंत सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीतूनच निघणार. सर्वोच्च न्यायालयाच्या टीएमए पै (२००२) आणि इस्लामिक अकॅडमी (२००३) या निकालांनंतर फी ठरवायला समिती आली. २०१५ च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आलं. कॉलेजचे हिशेब तपासून ते फी मंजूर करतं. म्हणजे नफेखोरीला लगाम बसतो, पण खर्च वाढला की मंजूर फीही वाढते. वसतिगृह आणि मेस तर या मंजूर आकड्याच्या बाहेरच राहतात. ग्रामीण भागातून पुण्यात येणाऱ्या मुलासाठी हा बाहेरचा खर्च फीच्या दोन तृतीयांश होता. प्रवेशाच्या वेळी घरात चर्चा झाली ती मात्र फक्त फीची.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलांची निम्मी शिकवणी फी सरकार भरतं. या घरात ती दोन्ही मुलींना मिळाली होती. योजना एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लागू आहे, त्यामुळे तिसऱ्याला मिळाली नाही. हा नियम वडिलांना प्रवेश घेऊन झाल्यावर कळला. तोवर जागा पक्की करण्याची मुदत संपत आली होती. अशा वेळी बाप बँकेत जातो तो पैसे उभे करायला. अटी समजून घेण्याएवढा वेळ आणि धीर त्याच्यापाशी नसतो.

शाखेने आधी सातबारा मागितला. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले की पुरतं. चार लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के रक्कम पदरची घालावी लागते, एवढंच. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जाला केंद्र सरकारचा पतहमी निधी २०१५ पासून आहे आणि बुडीत रकमेचा ७५ टक्के भाग तो भरून देतो. मुलीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी हे शाखेत जाऊन सांगितल्यावर सातबाऱ्याची मागणी मागे पडली. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नसते, हेही इथेच सांगायला हवं. हमी निधीतून बँकेला पैसे मिळाले तरी विद्यार्थ्याचं देणं शिल्लकच राहतं. ‘सरकारची हमी आहे’ हे वाक्य ऐकून निर्धास्त झालेली बरीच कुटुंबं मी पाहिली आहेत.

पैसे असे उचलले गेले : ऑगस्ट २०१९ मध्ये १ लाख ६० हजार. २०२० मध्ये कोरोनामुळे मुलगा घरीच होता, वर्ग ऑनलाइन चालले. वसतिगृहाचा खर्च वाचला, पण फी पूर्ण भरावी लागली, म्हणून १ लाख २० हजार. लॅपटॉप वडिलांनी दुधाच्या पैशातून घेतला. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये प्रत्येकी १ लाख ६० हजार. एकूण ६ लाख. घरातून गेले ते साधारण दीड-पावणेदोन लाख वेगळे.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता नसला तरी प्रत्येक उचलीवर त्या दिवसापासून सरळव्याज चढत असतं. पहिल्या १ लाख ६० हजारांवर पाच वर्षांचं व्याज ८० हजार. दुसऱ्या वर्षीच्या १ लाख २० हजारांवर चार वर्षांचं ४८ हजार. तिसऱ्या उचलीवर ४८ हजार, चौथ्या उचलीवर ३२ हजार. बेरीज २ लाख ८ हजार. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी ही रक्कम मुद्दलात मिळवली जाते आणि पुढचं व्याज तिच्यावरही लागतं.

या २ लाख ८ हजारांवरच मला बोलायचं आहे, कारण ते या कुटुंबाने भरायचेच नव्हते.

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून चालू आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल आणि संस्थेला नॅकची किंवा अभ्यासक्रमाला एनबीएची (या दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) मान्यता असेल, तर मोरॅटोरियममधलं सगळं व्याज सरकार भरतं. कॅनरा बँक तिची नोडल बँक, म्हणजे सगळे दावे हाताळणारी बँक आहे. कर्ज देणाऱ्या बँकेने त्या-त्या वर्षाचा दावा पोर्टलवर पाठवायचा, पैसे थेट कर्जखात्यात येतात. या घराचं उत्पन्न मर्यादेच्या बरंच खाली होतं. मुलाच्या अभ्यासक्रमाला एनबीए मान्यता होती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात होता, बहिणींच्या शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी काढलेला. तो बँकेच्या फाइलमध्ये गेला नाही. अर्जात अनुदानाच्या पात्रतेचा रकाना कोरा आहे. खाली वडिलांची सही आहे आणि शाखेचा शिक्का आहे.

“कागद मागितला असता तर दिला नसता का, सर?” वडील मला म्हणाले. ट्रंकेतून त्यांनी दाखल्यांचा गठ्ठाच काढून दाखवला. सगळ्या वर्षांचे दाखले होते.

ही चूक छोटी वाटते, म्हणून तिची किंमत मांडून दाखवतो. कर्ज ६ लाखांवरच थांबलं असतं तर १० टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता ७,९२९ रुपये बसला असता. ८ लाख ८ हजारांवर तो १०,६७८ बसला. दरमहा २,७४९ रुपयांचा फरक, दहा वर्षांत जवळपास ३ लाख ३० हजारांचा. पुण्यात खोली शेअर करून राहणाऱ्या मुलाच्या मेसचं बिल महिन्याला साडेतीन हजार आहे.

अनुदान मिळत नसेल तर दुसरा मार्ग असतो तो म्हणजे शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत राहणं. पहिल्या वर्षी महिन्याला १,३३३ रुपये, दुसऱ्या वर्षी २,३३३, तिसऱ्या वर्षी ३,६६७ आणि नंतर ५ हजार. अशा कर्जदाराला दरात एक टक्क्यापर्यंत सवलतही देता येते. पहिली दोन वर्षं दुधाच्या पैशातून हे सहज जमलं असतं, असं आईने स्वतः सांगितलं. चौथ्या वर्षाचे ५ हजार त्यांना झेपले असते असं मला वाटत नाही. पण पहिल्या उचलीवरचं व्याज सगळ्यात जास्त काळ चढतं, त्यामुळे सुरुवातीला भरलेलं थोडंही कामाला येतं. पाच वर्षांत बँकेतून या घरी एकदाही व्याजाचा उतारा आला नाही, आणि यांनीही तो मागितला नाही. हप्ता नाही म्हणजे देणं नाही, असाच सगळ्यांचा समज होता.

आता परतफेडीकडे. मुलाची कॅम्पसमधून निवड झाली ती २०२२ च्या अखेरीस, साडेतीन लाखांच्या पॅकेजवर. जून २०२३ मध्ये तो पास झाला. त्या वर्षी आयटी क्षेत्रात मागणी मंदावली होती आणि अनेक कंपन्यांनी नव्या मुलांचं जॉइनिंग पुढे ढकललं. याचं जॉइनिंगचं पत्र आलं एप्रिल २०२४ मध्ये. मधले महिने तो गावातल्या क्लासवर गणित शिकवत होता. म्हणजे नोकरी शोधायला आणि थोडी शिल्लक टाकायला दिलेलं ते एक वर्ष वाट पाहण्यातच संपलं, आणि व्याज मात्र चालू राहिलं.

आयटी कंपन्यांचा नव्या पदवीधराचा पगार गेली दहा-बारा वर्षं तीन-चार लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. फी, भाडं, मेस सगळं त्याच काळात वर गेलं. मोठ्या बहिणीच्या वेळचा हिशेब धाकट्याला लागू होत नाही तो यामुळेच. याच्या हातात २५ हजार येतात. त्यातून १०,६७८ हप्ता गेला की १४ हजार उरतात. खोली, मेस, बस आणि फोन यांवर बारा हजार खर्च होतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत आहे हे सगळे सांगतात, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि साडेतीन लाखांच्या पगारावर मुळात करच लागत नाही. ज्याला हप्ता सगळ्यात जड जातो त्याला या सवलतीचा एक रुपयाचाही उपयोग होत नाही. मला हा अन्याय वाटतो.

पहिल्या महिन्याच्या १०,६७८ मध्ये ६,७३३ रुपये व्याज होतं. मुद्दलाला गेले ३,९४५. दोन हप्ते व्यवस्थित गेले. ऑक्टोबरमध्ये वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, मुलाने होते तेवढे पैसे घरी पाठवले, आणि ५ तारखेचा हप्ता बाउन्स झाला. दोन्ही बँकांनी त्याचं शुल्क कापलं. नोव्हेंबरचा चुकला, डिसेंबरचाही चुकला. त्याने घरी सांगितलं नाही. बाप आजारी असताना पोरगं हे कसं सांगणार? वडिलांना कळलं ते डिसेंबरच्या अखेरीस, दुसऱ्या एका बँकेत ठिबकसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा. तिथल्या अधिकाऱ्याने स्क्रीन वळवून दाखवली. सहकर्जदार म्हणून थकबाकी त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अहवालावर चढली होती.

ते माझ्याकडे आले तेव्हा थकबाकीला ८० च्या वर दिवस झाले होते. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. हाती आठवडाभर होता, आणि घरात चार सल्ले फिरत होते.

पहिला सल्ला रस्त्याकडेची दहा गुंठे विकायची. दुसरा, बँकेशी एकरकमी तडजोड करायची. तिसरा, ॲपवरून पर्सनल लोन काढून हप्ते भरायचे. चौथा, काहीच करायचं नाही, सरकार कधीतरी माफ करेल. शेवटचा सल्ला देणारे गावात बरेच होते, कारण पीककर्जाची माफी त्यांनी पाहिलेली आहे. शैक्षणिक कर्जाला तशी माफी महाराष्ट्रात झालेली नाही आणि तिच्या आशेवर बसणं या मुलाला परवडणारं नव्हतं. तडजोडीत खातं बंद होतं, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला तो पुढे घरकर्जाच्या वेळी नडतो. शिवाय तडजोडीची रक्कम एकदम आणायची कुठून? पर्सनल लोनचा दर शैक्षणिक कर्जाहून बराच जास्त. जमीन विकण्याला मी ठाम विरोध केला. तीन एकरांवर चालणाऱ्या घराने आठ लाखांच्या, पंधरा वर्षांत फेडता येणाऱ्या देण्यासाठी रस्त्याची जमीन घालवू नये असं माझं स्पष्ट मत होतं, आणि आजही आहे.

सगळ्यांना वाटत होतं, आधी मुदत वाढवून घ्यावी. मला क्रम उलटा हवा होता. थकलेल्या खात्याची मुदत वाढवली तर बँक तिला पुनर्रचना मानते आणि खातं एनपीए गटात टाकू शकते. म्हणून आधी थकबाकी शून्य करायची, मगच अर्ज द्यायचा. तीन हप्त्यांचे ३२,०३४ रुपये आणि वर शुल्क. ऊस डिसेंबरात कारखान्याला गेला होता, बिल यायचं होतं. आईने पाटल्या काढून दिल्या. सोनेतारणावर रक्कम घेऊन ८७ व्या दिवशी थकबाकी भरली, आणि ऊसबिल आल्यावर पाटल्या सोडवल्या. हप्ते चुकलेल्या महिन्यांची नोंद अहवालात तीन वर्षं दिसत राहील. पण खातं एनपीए झालं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये शाखेला लेखी अर्ज दिला. मागण्या दोन : मुदत दहाऐवजी पंधरा वर्षं करावी आणि हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशी आणावी, म्हणजे पैसे दुसरीकडे जाण्याआधी हप्ता जाईल. अर्जासोबत पगाराच्या पावत्या जोडल्या. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या दोन परिपत्रकांचा उल्लेख केला. एक बदलत्या दराच्या कर्जात हप्ता आणि मुदत यांपैकी काय बदलायचं ते कर्जदाराला निवडू द्यावं असं सांगणारं. दुसरं, दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज लावायला मनाई करणारं. तोंडी विचारल्यावर “सिस्टिममध्ये होत नाही” असं उत्तर मिळालं होतं. लेखी अर्जाची पोच घेतल्यावर महिन्याभरात मुदतवाढ झाली.

नवा हप्ता ८,६८३ रुपये. दोन हजारांनी कमी. पण पंधरा वर्षं तसंच भरत राहिलं तर एकूण १५ लाख ६३ हजार जातील, म्हणजे दहा वर्षांच्या हप्त्यापेक्षा पावणेतीन लाख जास्त. मुदत वाढवून गप्प बसणं हे कर्ज महाग करून घेणं आहे. म्हणून दुसरी अर्धी योजना ऊसबिलाची. बदलत्या दराच्या अशा कर्जावर मुदतीआधी भरणा केला तर शुल्क लागत नाही. वडिलांनी दरवर्षी ऊसबिलातून ४० हजार मुद्दलात भरायचे ठरवले. ८ लाख ८ हजारांपासून मोजलं तर कर्ज साडेआठ वर्षांच्या आसपास संपतं आणि एकूण भरणा १२ लाख १३ हजारांच्या घरात राहतो. मूळच्या दहा वर्षांच्या योजनेपेक्षाही कमी, आणि ज्या महिन्यात अडचण येईल त्या महिन्यात हप्ता लहान. शेतीचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं, पगार दरमहा येतो, आणि परतफेड दोन्हीला धरून आखली पाहिजे, हे शाखेतल्या तक्त्यात कुठेच नव्हतं. भरणा करताना ‘मुद्दलात जमा करावा’ असं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, नाहीतर रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ जमा धरली जाते आणि व्याज पाहिजे तेवढं वाचत नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहावरून साडेपाचवर आला, तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली.

आज काही बदललं आहे. राज्याने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली : ८६० निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तर विनातारण कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के व्याज सवलत. चांगली पावलं आहेत. पण या मुलाचं कॉलेज त्या यादीत नाही. तालुक्यातली बहुतेक मुलं ज्या मधल्या फळीतल्या कॉलेजांत जातात, ती त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी साडेचार लाखांची जुनी अनुदान योजनाच आहे, आणि तिचं सगळं गाडं शाखेने फाइलमध्ये दाखला लावला की नाही यावर अडतं. दरवर्षी कर्ज देताना बँकेने पात्र विद्यार्थ्याचा दाखला मागितलाच पाहिजे आणि मागितला नाही तर अनुदानाची जबाबदारी बँकेची, असा नियम व्हायला हवा. सध्या ओझं आहे ते योजना माहीत नसलेल्या माणसावर.

गेलेल्या २ लाख ८ हजारांसाठी कुटुंबाने बँकेकडे तक्रार केली. उत्तर आलं : त्या वर्षांचे दावे पाठवायची मुदत संपली आहे आणि कर्जदाराने दाखला सादर केला नव्हता. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत सेवेतल्या त्रुटीची तक्रार दाखल केली आहे. सोबत कोरा रकाना असलेल्या अर्जाची प्रत आणि सगळ्या वर्षांचे तहसीलदारांचे दाखले जोडले आहेत. रक्कम परत मिळेलच असं मी त्यांना सांगितलेलं नाही. वडिलांना किमान एवढं तरी हवं आहे की पात्रता विचारायची जबाबदारी कुणाची होती, हे कुणीतरी लेखी सांगावं. हे लिहीपर्यंत निर्णय आलेला नाही.